पोटातली नळी, आकडीचं औषध आणि नवं घर: दत्तक मुलीच्या नोंदी

वय अंदाजे अडीच वर्षं, वजन ९ किलो. पोटावर गॅस्ट्रोस्टोमीचं बटण, म्हणजे थेट जठरात उघडणारी आखूड नळी, जाडी १४ फ्रेंच (नळीच्या जाडीचं एकक), लांबी १.७ सेंमी, शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटलेलं. आकडीसाठी लेव्हेटिरॅसेटम. पातळ काहीही गिळताना श्वासनलिकेत जातं, म्हणून दूध, पाणी, औषध सगळं नळीतून. खालचे आकडे या एका मुलीचे आहेत, दुसऱ्या मुलाला ते जसेच्या तसे लावू नयेत.

३ जून

फाइल आली. जाड आहे, पण रोजच्या कामाचं त्यात थोडंच. शस्त्रक्रियेचा सारांश, लसींचं कार्ड, जुने रिपोर्ट होते. नव्हतं ते मागून घेतलं: बटण कुठल्या कंपनीचं, बटण आतून अडकवून ठेवणाऱ्या फुग्यात किती मिली पाणी, बटण शेवटचं कधी बदललं, फीडच्या पावडरचं नाव आणि किती पाण्यात किती मापं, आकडी येते तेव्हा ती कशी दिसते याचा व्हिडिओ, आतापर्यंतची सगळी वजनं, तारखांसह.

औषधापुढे नुसतं '१.५ मिली, दोन वेळा' असं होतं. एवढ्यावर भागत नाही. एकच औषध वेगवेगळ्या तीव्रतेचं मिळू शकतं आणि बाटली बदलली की तेवढ्याच मिलीत वेगळा डोस जातो. कार्डावर आता असं लिहिलंय: लेव्हेटिरॅसेटम १०० मिग्रॅ/मिली, १.५ मिली = १५० मिग्रॅ, सकाळी ६ आणि संध्याकाळी ६. मोजायचं तोंडी औषधाच्या सिरिंजने. चहाचा चमचा, बाटलीचं झाकण काहीही चालणार नाही. घरी आणताना किमान महिनाभराचं औषध हातात हवं, कारण आकडीचं औषध अचानक तुटलं तर आकड्या उसळून येतात.

७ जून

संस्थेत सांभाळणाऱ्या मावशींकडून शिकून घेतलं. आधी अख्खं फीड नुसतं पाहायचं, मग त्यांच्यासमोर आपल्या हाताने द्यायचं, मग व्हिडिओ घ्यायचा. क्रम महत्त्वाचा आहे: आधीच मोबाइल समोर धरला की बघणारा हात बघत नाही, स्क्रीन बघतो.

फाइलमध्ये नसलेल्या गोष्टी इथेच कळतात. मावशी नळी जोडण्याआधी पोटावर दोनदा हलकेच थोपटतात, आणि तेवढ्यावर ती आपला झगा वर करते. हे तसंच चालू ठेवायचं.

पावडर, फीडच्या वेळा, सिरिंजचा आकार, पहिले काही आठवडे यातलं काहीही बदलायचं नाही. बाजारात यापेक्षा चांगली पावडर असेलही. पण घर, माणसं, आवाज, वास सगळं एकदम बदलतंय, त्यात पावडरही बदलली आणि जुलाब लागले तर कारण शोधायचं कुठे? तिच्या गादीवरची चादर न धुता मागून घेतली.

९ जून

घराची मांडणी. औषधोपचाराची जागा आणि झोपायची जागा वेगळी ठेवली. चिकटपट्टी काढणं, फुगा तपासणं, जखम पुसणं यातलं काहीही तिच्या गादीवर होणार नाही. त्यासाठी खिडकीजवळ निळी सतरंजी. सतरंजी पसरली की काहीतरी होणार, गुंडाळली की संपलं. कधी काय होणार हे कळलं की मूल बाकीचा वेळ निर्धास्त राहतं. नाहीतर घरातला प्रत्येक कोपरा संशयाचा होतो.

भिंतीवर एकच तक्ता: वेळ, फीड, पाणी, औषध, उलटी, शी-शू, आकडी, झोप. देणाऱ्याने सही दिल्या क्षणी करायची. 'मला वाटलं तू दिलंस' हे वाक्य औषधाच्या बाबतीत घरात उच्चारलं जाऊ नये, तक्ता त्यासाठी.

तातडीची पिशवी दाराशी टांगली: त्याच मापाचं जादा बटण, एक माप लहान (१२ फ्रेंच) नळी, ५ मिलीच्या दोन सिरिंज, निर्जंतुक पाणी, पाण्यात विरघळणारी जेली, गॉझ, चिकटपट्टी, पीएच पट्ट्या (द्रव किती आम्ल आहे ते दाखवणाऱ्या), आकडीचं तातडीचं औषध, एक पानी माहितीपत्रक. जेली पाण्यात विरघळणारीच हवी. व्हॅसलीनसारखी तेलकट मलमं काही बटणांचा सिलिकॉन खराब करतात.

११ जून

घरी आली. तक्ता सुरू. पाहुणे नाहीत.

१४ जून

फीडची घडी बसली. दिवसातून ६ वेळा १५० मिली, सकाळी ६ पासून दर ३ तासांनी. पायऱ्या अशा:

हात धुणे. बटण जागेवर आहे का, त्वचा कशी आहे ते पाहणे. बटण आणि सिरिंज जोडणारी जोडनळी आधी पाण्याने भरून घेणे, म्हणजे आतली हवा पोटात जात नाही. खूण जुळवून जोडणे, फिरवून अडकवणे, हलकेच ओढून पाहणे. १० मिली पाणी. मग ६० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नुसती नरसाळ्यासारखी वापरायची आणि पोटाच्या वर साधारण वीतभर धरायची. वर नेली की वेग वाढतो, खाली आणली की कमी होतो. १५० मिलीला २० ते ३० मिनिटं लागली पाहिजेत. सिरिंज पूर्ण रिकामी होऊ न देता पुढचं ओतायचं, नाहीतर हवा शिरते. शेवटी पुन्हा १० मिली पाणी, क्लॅम्प (नळी बंद करणारा चाप) लावणे, आणि नंतर किमान अर्धा तास डोकं वर.

बिघडतं ते बहुधा वेगामुळे. रात्री ९ च्या फीडला देणारा दमलेला असतो, सिरिंज नकळत वर जाते, १० मिनिटांत काम उरकतं आणि मग ओकारी. अशा वेळी पावडरला दोष देण्याआधी घड्याळ बघावं. दुसरं कारण अडकलेली हवा. पोट टम्म दिसत असेल तर फीडआधी रिकामी सिरिंज जोडून पोटापेक्षा उंच धरायची आणि क्लॅम्प उघडायचा. हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, सोबत थोडं दूध आलं तर ते परत जाऊ द्यायचं.

औषध फीडमध्ये कधीच मिसळायचं नाही. फीड अर्धवट राहिलं तर डोसही अर्धवट जातो आणि किती गेला ते कळत नाही. प्रत्येक औषध वेगळं, दोन औषधांमध्ये ५ मिली पाणी. सावकाश सुटणाऱ्या किंवा आतड्यात विरघळणाऱ्या वेष्टनाच्या गोळ्या कुटून द्यायच्या नाहीत; डॉक्टरांकडून पातळ प्रकार लिहून घ्यायचा.

पावडर कालवून ठेवलेलं फीड खोलीच्या तापमानाला ४ तासांहून जास्त ठेवायचं नाही. जोडनळी वापरल्या वापरल्या कोमट साबणपाण्याने धुवायची. तासाभराने धुतली तर आतला दुधाचा थर निघत नाही, आणि तोच पुढे नळी तुंबवतो. तुंबलीच तर कोमट पाणी, ६० मिलीची सिरिंज, आत-बाहेर हलका दाब, १० ते १५ मिनिटं थांबून पुन्हा. लहान सिरिंजने जोर लावायचा नाही. सिरिंज जितकी बारीक तितका दाब जास्त, आणि नळी फुटू शकते.

१८ जून

कामाची वाटणी. नळी, औषध, अंघोळ, झोपवणं हे फक्त आई-बाबांनी करायचं. बाकीच्यांनी मदत करायची ती भांडी, कपडे, बाहेरची कामं यांत. कुणाला हे तुसडेपणाचं वाटलं तर वाटू दे. ती दिसेल त्याच्याकडे हात पसरते, आणि लोक म्हणतात, किती माणसाळलेली आहे! पाळ्यांनी बदलणाऱ्या माणसांमध्ये वाढलेलं मूल असं करतं, कारण आपलं माणूस नेमकं कोणतं हे ठरायला त्याला संधीच मिळालेली नसते. गरज लागली की तीच दोन माणसं येतात, हे असंख्य वेळा घडल्यावरच त्याला कळतं.

नळीच्या मुलांचं इथे एक मोठं नुकसान होतं. तोंडाने दूध पिणारं बाळ दिवसातून सहा-आठ वेळा आपोआप कुशीत येतं. नळीचं फीड मूल आडवं ठेवूनही होतं, पंप लावला तर माणूस खोलीत नसला तरी चालतं. पोट भरतं, पण ते कुणी भरलं हे मुलाला कळत नाही. म्हणून फीड मांडीवर, तिचं तोंड आपल्याकडे, सिरिंज एका हातात, दुसरा हात तिच्या पाठीवर. सिरिंज धरून हात भरून येत असेल तर खुर्चीच्या पाठीला हूक लावावा, पण मांडी सोडू नये. पंप फक्त रात्रीसाठी सुचवला तर विचार करू.

२१ जून

दुखणं ओळखण्याबद्दल. चिकटपट्टी निघताना ती रडत नाही. श्वास रोखते, पायाची बोटं आत वळवते, नजर छताला लावते. याला शूरपणा समजू नये. रडून कुणी येत नाही हे शिकलेलं मूल रडणं सोडून देतं.

लहान मुलांच्या वेदनेसाठी फ्लॅक मोजपट्टी वापरतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, आणि समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकी ० ते २, एकूण १०. या मुलीत रडण्याला ० मिळतो, शांत करायचीही गरज पडत नाही म्हणून तिथेही ०. म्हणजे खरं दुखत असूनही बेरीज कमी येते. तिची वेगळी यादी केली: रोखलेला श्वास, पायाची बोटं, मुठीत धरलेला झगा, नंतर नेहमीपेक्षा लवकर झोप लागणं. ही यादी माहितीपत्रकावर, ठळक अक्षरात. कान फुटला, हाड दुखावलं तरी ती सांगणार नाही, तेव्हा रोज अंघोळीच्या वेळी डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवायची.

उपाय: पट्टी कोरडी ओढायची नाही, चिकट काढणाऱ्या द्रवाने किंवा कोमट पाण्याने भिजवून त्वचा दाबून धरत कडेने सोडवायची. एकाने मांडीवर उभं, छातीशी धरायचं, दुसऱ्याने काम करायचं. पाठीवर पाडून हातपाय दाबायचे नाहीत. 'काही नाही होणार' म्हणायचं नाही, 'आता दुखेल, मग संपेल' असं म्हणायचं. आणि झोपेत गुपचूप काहीही उरकायचं नाही. ती एकदा जागी झाली की पुढचे कित्येक दिवस झोपेवरचा विश्वास जातो. झोप मोडली की आकडीला वाट मिळते, हा वेगळा हिशेब.

पुढची पायरी म्हणून क्लॅम्प बंद करायचं काम तिच्याकडे दिलं. 'टक्' आवाज आला की फीड संपलं. दोन बोटांत जोर पुरत नाही, म्हणून ती दुसऱ्या हाताचा अंगठा लावते.

२५ जून

फुग्याची साप्ताहिक तपासणी. एका हाताने बटण पोटावर धरून ठेवायचं, दुसऱ्याने फुग्याच्या तोंडाला सिरिंज लावून सगळं पाणी काढून मोजायचं. भरलेलं ५ मिली, निघालं ४.५. एवढं पाझरणं चालतं. पुन्हा ५ मिली ताजं निर्जंतुक पाणी. सलाइन नको, त्याचे स्फटिक झडपेत बसतात. हवा तर नकोच, ती निसटते. दोन-तीन दिवसांत निम्म्यावर आलं तर फुगा गळतोय, बटण बदलायची तयारी करावी.

फुग्याच्या तोंडावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. त्यातून चुकून फीड गेलं तर फुगा फुटू शकतो.

२ जुलै

बटण निघालं तर काय, याची बाहुलीवर तालीम. घरातल्या सगळ्यांनी केली, आजीनेही. भोक काही तासांत आक्रसू लागतं, म्हणून शोधाशोध आणि फोन नंतर. क्रम: जादा बटणाचा फुगा आधी भरून तपासून रिकामा करणे, जेली, सरळ आत घालणे, फुगा भरणे. मूल ताठलं असेल तर पोट आवळलेलं असतं. थांबून श्वास सुटू द्यायचा, जोर लावायचा नाही. जात नसेल तर लहान मापाची नळी थोडी आत सरकवून चिकटपट्टीने धरून ठेवायची आणि रुग्णालय गाठायचं. भोक उघडं राहणं एवढाच तिथे उद्देश.

घातल्यावर लगेच फीड नाही. आतून थोडा द्रव ओढून पीएच पट्टीवर टाकायचा, ५.५ किंवा कमी असेल तर जठर. आम्ल कमी करणारं औषध चालू असलेल्या मुलात आकडा चढा येतो, तिथे पट्टीच्या भरवशावर राहू नये. शंका असेल तर तपासून घेईपर्यंत नळीत काही घालायचं नाही. शस्त्रक्रियेला थोडेच आठवडे झालेले असतील तर घरी बटण घालण्याचा प्रयत्नच करू नये. मार्ग पक्का झालेला नसतो आणि नळी जठराबाहेर पोटाच्या पोकळीत जाऊ शकते.

६ जुलै

बटणाच्या कडेला लालसर, ओलसर, चटकन रक्त येणारा मांसल कोंब. घर्षण आणि ओल ही कारणं. दाखवलं, लावायला मलम मिळालं. जाड गॉझ बंद. साबण-पाणी, कोरडं करणं, बटण रोज एक पूर्ण फेरी फिरवणं, बस.

१३ जुलै

तपासण्या नव्याने. हिमोग्लोबिन, लोह, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, कावीळ ब, एचआयव्ही, सिफिलिस, क्षयरोग, शौचाची तपासणी. शिवाय कान आणि डोळे. जुने रिपोर्ट असले तरी संसर्गाच्या काही तपासण्या ठरावीक अंतराने पुन्हा कराव्या लागतात, कारण संसर्गानंतर सुरुवातीच्या काळात त्या निगेटिव्ह येऊ शकतात. ऐकू येण्याची चाचणी झाल्याशिवाय 'बोलत नाही, लक्ष देत नाही' यावर कुठलंही मत बनवायचं नाही.

फॉर्मवर घराण्यातल्या आजारांचा रकाना असतो. तिथे 'नाही' लिहायचं नाही. 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहायचं. 'नाही' वाचून डॉक्टर पुढच्या काही शक्यता गाळून टाकतात. 'माहिती नाही' वाचून जनुकीय तपासणीचा विचार करतात.

२० जुलै

दुपारच्या फीडमध्ये आकडी, दीड मिनिट. ठरलेला क्रम: आधी क्लॅम्प, जोडनळी सोडवणे, घड्याळ पाहणे, कुशीवर वळवणे, तोंडात काहीही न घालणे, न दाबणे. दुसऱ्याने व्हिडिओ. ५ मिनिटांला तातडीचं मिडॅझोलम, खालची हिरडी आणि गाल यांच्या मध्ये, सावकाश, आणि रुग्णवाहिका. त्यानंतर श्वासावर नजर. नळीतून औषध देत बसायचं नाही, तो मार्ग हळू आहे. आकडी थांबून लगेच दुसरी आली किंवा ओठ निळे पडले तर ५ मिनिटांचीही वाट नाही.

झोपण्याआधी ती मागे-पुढे डुलते, ती आकडी नव्हे. हात लावला, नावाने हाक मारली की डुलणं थांबतं किंवा लय बदलते. आकडी हाताने थांबत नाही. एकटक बघत राहणं मात्र दोन्हीकडे दिसतं, आणि ते घरी ठरवण्याच्या भानगडीत न पडता व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना द्यावा. डोस दिल्यावर उलटी झाली तर परत द्यायचा का, किती मिनिटांच्या आत, हेही त्यांच्याकडून लेखी घेऊन कार्डावर चिकटवलं. रात्री २ ला विचारायचा हा प्रश्न नाही.

२९ जुलै

आकडीचं कारण तक्त्यात दिसलं. डोस एकही चुकलेला नाही, ताप नाही. वजन मात्र ९ वरून १० किलो. दिवसाचे ३०० मिग्रॅ ९ किलोला भागिले तर किलोमागे ३३ मिग्रॅ, १० किलोला ३०, आणि ११ झाली की २७. घरी आल्यावर नीट खायला मिळालेली मुलं झपाट्याने भरतात, आणि बाटलीतला आकडा तोच राहिला तरी औषध आपोआप कमी पडत जातं. डॉक्टरांनी डोस वाढवला. आता वजन दर रविवारी, त्याच काट्यावर, सकाळच्या फीडआधी. अर्धा किलो वाढलं की फोन. डोस आपल्या मनाने वाढवायचा नाही.

फीड मात्र भराभर वाढवत नेऊ नये. फार खंगलेल्या मुलात एकदम जास्त अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम कोसळू शकतं. ती वाढ डॉक्टर-आहारतज्ज्ञांच्या आकड्यांनुसारच.

८ ऑगस्ट

तोंडाचं काम सुरू. गिळण्याच्या तज्ज्ञांनी तपासल्यावर परवानगी मिळाली ती एवढीच: घट्ट लापशीइतकं दाट काही, चमच्याच्या टोकावर, तेही बसून. आधी रिकामा चमचा तिच्या हातात. तिने स्वतः तोंडाकडे नेला तरच पुढे. नाक-तोंडात नळ्या गेलेल्या मुलाला तोंडाजवळ येणारी प्रत्येक वस्तू उपचार वाटते, भरवण्याचा आग्रह केला की महिन्यांची मेहनत पाण्यात. वेळ फीड चालू असतानाचीच, म्हणजे पोट भरण्याची जाणीव आणि तोंडातली चव यांची सांगड बसते. ओला, घरघरता आवाज, खोकला, डोळ्यांत पाणी, नंतरचा ताप: यातलं काही दिसलं की थांबणे आणि कळवणे.

तोंडाने जात नसलं तरी दात दिवसातून दोनदा घासायचेच. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जातात.

३० ऑगस्ट

मेंदूचा आलेख काढायला एक रात्र दाखल राहायचंय. घर सोडून पुन्हा गाद्यांच्या रांगा, गणवेशातली माणसं. हिला परत सोडलं असं वाटू शकतं. म्हणून: पूर्ण वेळ दोघांपैकी एकजण खाटेला लागून, पाळी बदलताना दोघे काही वेळ एकत्र, गेलेला परत येणार हे सांगून. चादर सोबत. आपली जोडनळी आणि सिरिंज सोबत, कारण सगळीकडची जोडणी एकाच मापाची नसते. नर्सना देण्याच्या पानावर चार ओळी: फीड आई-बाबा देतील, उचलून घ्यायचं झाल्यास आम्हाला सांगा, ती रडत नाही म्हणून दुखत नाही असं नव्हे, सुई टोचण्याआधी तिला सांगा.

१४ सप्टेंबर

बटण बदललं. वजन ११ किलो झालंय, जुनं १.७ सेंमीचं त्वचेत रुतायला लागलं होतं, खाली गोल वण. मोजपट्टीने निजवून १.९ आणि बसवून २.१ भरलं, मोठा आकडा धरून वरचं उपलब्ध माप, २.३ सेंमी, घेतलं. बटण आणि त्वचा यांच्यात साधारण नाण्याच्या जाडीइतकी फट हवी. त्याहून सैल झालं तर वर-खाली घासून पुन्हा कोंब येईल, तेव्हा आठवडाभर रोज पाहायचं. तातडीच्या पिशवीतलं १.७ काढून २.३ ठेवलं, माहितीपत्रकावर माप आणि तारीख बदलली, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेला मिडॅझोलमचा नवा डोस लिहिला. आजीला फीड शिकवायचं पुढच्या आठवड्यापासून: आधी नुसतं बघायचं, पोटावर दोनदा थोपटणं पहिल्या दिवसापासून.